बीजदोष आणि कर्मदोष

सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगाच्या मुळाशी एक अभाव आहे. श्वासमार्गाच्या अस्तरातील पेशींच्या पृष्ठभागावर क्लोराइडचे आयन ये-जा करण्यासाठी एक वाट असते. या रोगात ती वाट नसते, किंवा असून उघडत नाही. चिकट कफ, वारंवार होणारा न्यूमोनिया, खाऊनही अंगी न लागणारे अन्न, मिठासारखा खारट घाम ही सगळी या एका नसण्याची लक्षणे आहेत. वैद्यकाच्या दृष्टीने एवढे सांगितले की कारण सांगून झाले. तत्त्वज्ञानाचे दोन प्रश्न मात्र तिथून सुरू होतात. जे नाही ते कशाचे कारण कसे होऊ शकते, हा पहिला. आणि ज्या बाळाने अजून काहीच केलेले नाही, त्याच्याच वाट्याला हे नसणे का आले, हा दुसरा. पहिला प्रश्न तर्काचा आहे, दुसरा धर्माचा. पण मराठीत दोन्ही एकाच शब्दात येऊन अडकतात. तो शब्द ‘दोष’. यंत्रात दोष असतो, बीजात दोष असतो, आयुर्वेदात वात, पित्त आणि कफ हे दोष असतात, पत्रिकेत दोष निघतो आणि शेवटी माणूस माणसाला दोष देतो. ‘जनुकीय दोष’ म्हणताना यातला कोणता अर्थ घ्यायचा, हे ठरवल्याशिवाय दुसऱ्या प्रश्नाला हात घालता येत नाही.

युरोपातील जुन्या लोकसमजुतीत, कपाळाचा मुका घेतल्यावर खारट लागणारे मूल झपाटलेले मानले जाई आणि ते फार दिवस जगणार नाही असे सांगितले जाई. निरीक्षण अचूक होते आणि भाकीतही बहुधा खरे ठरे. चुकले होते ते फक्त कारण. या रोगाचे पहिले सविस्तर वैद्यकीय वर्णन १९३८ साली न्यू यॉर्कमधील विकृतिशास्त्रज्ञ डोरोथी अँडरसन यांनी केले. मृत बालकांच्या स्वादुपिंडात त्यांना द्रवाने भरलेल्या पुटकुळ्या आणि तंतुमय व्रण दिसले. रोगाचे नाव तिथून आले, फुप्फुसांवरून नव्हे. १९४८ च्या उन्हाळ्यात न्यू यॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली, तेव्हा उष्माघाताने रुग्णालयात आलेल्या मुलांमध्ये या रोगाची मुले डोळ्यांत भरण्याइतकी होती. त्यावरून पॉल दी सांत’आन्येझे यांनी घामाचा अभ्यास केला आणि १९५३ मध्ये या मुलांच्या घामात मीठ फार जास्त असते हे दाखवून दिले. घामातील क्लोराइड लिटरमागे ६० मिलिमोल किंवा त्याहून जास्त भरले की रोग धरायचा, ही कसोटी आजही वापरात आहे. झपाटलेपणाची जागा अशा रीतीने एका मोजता येणाऱ्या आकड्याने घेतली. पण झपाटलेपणात ‘का’ या प्रश्नाचेही एक उत्तर होते, भले ते वाईट असेल. आकड्यात ते नव्हते.

मीठ जास्त का, याचा उलगडा व्हायला आणखी तीस वर्षे गेली. १९८३ मध्ये पॉल क्विंटन यांनी रुग्णांच्या घर्मग्रंथींच्या नलिका तपासून दाखवले की त्या क्लोराइडला आरपार जाऊच देत नाहीत. क्विंटन स्वतः याच रोगाचे रुग्ण. १९८९ मध्ये लॅप-ची त्सुई, जॉन रिऑर्डन आणि फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या गटांनी सातव्या गुणसूत्रावरचे जनुक शोधून काढले. त्या जनुकापासून १,४८० अमिनो आम्लांचे एक प्रथिन बनते. त्याला सीएफटीआर म्हणतात. सर्वांत जास्त आढळणाऱ्या उत्परिवर्तनात जनुकाची तीन अक्षरे गळतात, त्यामुळे ५०८ व्या जागेवरचे एक फिनिलॲलनिन प्रथिनातून गळते. १,४८० पैकी एक. युरोपीय वंशाच्या बहुसंख्य रुग्णांत या उत्परिवर्तनाची किमान एक प्रत असते. याशिवाय या जनुकातले दोन हजारांहून अधिक फेरफार नोंदले गेले आहेत. त्यांतले सगळेच रोगकारक नाहीत.

निरोगी श्वासनलिकेत अस्तराच्या पेशींवर पातळ द्रवाचा एक थर असतो. सूक्ष्म केस त्यात सतत हलत असतात आणि वर तरंगणारा कफ, धूळ आणि जंतूंसकट, घशाकडे ढकलत असतात. द्रवाची खोली राखायची तर पेशीतून क्लोराइड बाहेर पडले पाहिजे. त्यामागे सोडियम जाते आणि मिठामागे पाणी. याच वाटेने बायकार्बोनेटही बाहेर पडते आणि कफ नीट उलगडायला ते लागते. वाट नसली की कफ घट्ट होऊन अस्तराला चिकटतो, केस दबून राहतात आणि जंतू मुक्काम करतात. शरीर त्यांच्याशी लढत राहते आणि त्या लढाईतच फुप्फुसाची वर्षानुवर्षे नासाडी होते. मुख्य बिघाड पाणी कमी पडण्याचा की बायकार्बोनेट कमी पडण्याचा, यावर संशोधकांत अजून वाद आहे.

इथे ‘कार्य’ या शब्दाकडे वळावे लागते. शरीरशास्त्रात कार्य म्हणजे एखाद्या अवयवाचे काम. न्यायशास्त्रात कार्य म्हणजे कारणातून उपजलेली गोष्ट. घागर हे मातीचे कार्य. हे दोन अर्थ एक नाहीत. हृदयाच्या ठोक्यांचा आवाज हे न्यायाच्या अर्थाने हृदयाचे कार्य आहे, पण तो आवाज करण्यासाठी हृदय आहे असे कोणी म्हणत नाही. मग सीएफटीआरचे काम कोणते? श्वासनलिकेत तो क्लोराइड बाहेर सोडतो. घामाच्या नलिकेत नेमके उलटे घडते: तिथे त्याच वाटेने क्लोराइड घामातून परत शरीरात घेतले जाते, म्हणून निरोगी माणसाचा घाम बेताचा खारट असतो. प्रथिन तेच, वाट तीच, दिशा उलटी. दिशा वाट ठरवत नाही. दोन्ही बाजूंचे विद्युतभार आणि आयनांचे प्रमाण ठरवते. म्हणजे प्रथिनाचे काम फक्त ‘जाऊ देणे’ एवढेच आहे, आणि ‘फुप्फुसे ओली ठेवणे’ किंवा ‘मीठ वाचवणे’ ही कामे त्याच्या अंगची नसून त्याला मिळालेल्या जागेची आहेत.

यावर तत्त्वज्ञांनी दोन निरनिराळी मते मांडली आहेत. लॅरी राइट यांनी १९७३ मध्ये म्हटले की एखादी गोष्ट ज्या परिणामामुळे टिकून राहिली, तो परिणाम म्हणजे तिचे कार्य. रॉबर्ट कमिन्स यांनी १९७५ मध्ये इतिहास बाजूला ठेवला; आज त्या व्यवस्थेत ती गोष्ट काय भर घालते, तेवढेच पाहावे असे त्यांचे म्हणणे. सीएफटीआरच्या बाबतीत इतिहास फार बोलका आहे. तो ज्या प्रथिनकुळातला आहे, त्या कुळातले बहुतेक सभासद पंप आहेत. ते ऊर्जा खर्च करून पदार्थ पेशीच्या पटलापलीकडे नेतात. पंपाची दोन्ही दारे एकाच वेळी कधीच उघडी असून चालत नाहीत, नाहीतर नेलेले सगळे परत वाहून येईल. सीएफटीआर हा या कुळातला एकटाच आयनमार्ग आहे. एका मताप्रमाणे तो म्हणजे दाराची जोडी बिघडलेला पंपच आहे. तसे असेल तर आज ज्याला आपण कार्य म्हणतो, तो पंपाच्या नजरेने दोष होता. सृष्टीने आधी आराखडा काढला, मग त्याप्रमाणे वस्तू घडवल्या आणि त्यांतल्या काही बिघडल्या, हे चित्र इथे टिकत नाही. दोष हा कोणत्या तरी कामाच्या संदर्भातच दोष असतो, आणि काम काळाबरोबर बदलते. ‘निसर्गाने चूक केली’ या वाक्यात चूक ठरवणारा कोण, हे सांगितलेले नसते.

आता अभावाचा प्रश्न. वैशेषिकांनी अभावाला सातवा पदार्थ मानले. प्राभाकर मीमांसकांनी ते नाकारले. त्यांच्या मते जमिनीवर घागर नाही, याचा अर्थ फक्त रिकामी जमीन आहे, ‘घागरीचा अभाव’ नावाची आणखी वेगळी गोष्ट नाही. असतातून सत् उपजत नाही, हे शंकराचार्यांनीही ब्रह्मसूत्रभाष्यात बौद्धांविरुद्ध आग्रहाने मांडले. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये मात्र वैद्य बिनदिक्कत म्हणतो की वाट नाही म्हणून कफ घट्ट. नैयायिकांचा मार्ग इथे उपयोगी पडतो. त्यांनी अभावाला निराधार सोडले नाही. कशाचा अभाव आणि कुठे, या दोन गोष्टी सांगितल्याशिवाय अभाव बोलताच येत नाही असे त्यांनी ठरवले. हत्तीचा अभावही श्वासनलिकेत आहे. त्याने कफ घट्ट होत नाही. जिथे जे असायला हवे तिथे ते नसणे, एवढेच कारण होऊ शकते.

आणि त्यांनी अभावाचे प्रकार पाडले. वस्तू उपजण्यापूर्वीचा तो प्रागभाव, नष्ट झाल्यानंतरचा तो प्रध्वंसाभाव, कधीच नसते तो अत्यंताभाव. चौथा अन्योन्याभाव, म्हणजे एक वस्तू दुसरी नसणे. त्याचे इथे काम नाही. ही विभागणी घागरी आणि वस्त्रे यांच्या उदाहरणांनी शिकवली जाते, पण या रोगाच्या प्रकारांवर ती चकित करण्याइतकी बसते. काही उत्परिवर्तनांत जनुकाच्या मध्येच ‘थांबा’ असा संकेत येतो. पूर्ण प्रथिन कधी बनतच नाही. काहींत प्रथिन बनते, पण पृष्ठभागावर पोचण्याआधी मोडून टाकले जाते. काहींत ते पृष्ठभागावर पोचून उभे असते, फक्त दार उघडत नाही; ५५१ व्या जागी ग्लायसिनऐवजी ॲस्पार्टिक आम्ल बसले की असे होते. पहिला अत्यंताभाव, दुसरा प्रध्वंसाभाव, तिसऱ्यात तर वाटेचा अभाव नाहीच, उघडण्याचा आहे. काटेकोर नैयायिक या जुळणीवर आक्षेप घेऊ शकेल. तरीही ‘वाट नाही’ हे एकच वाक्य तीन निरनिराळ्या गोष्टींबद्दल बोलते, आणि पुढे दिसेल की उपायही त्यामुळे तीन निरनिराळे होतात.

यातला दुसरा प्रकार सर्वांत जास्त आढळतो आणि विचाराला सर्वांत जास्त अडवणाराही तोच आहे. ५०८ व्या जागेचे अमिनो आम्ल गळालेल्या प्रथिनाची नीट घडी पडत नाही. पेशीत प्रथिनांची तपासणी करणारी यंत्रणा असते. ती हे प्रथिन अडवते, खूण करते आणि मोडीत काढते. १९९२ मध्ये दिसून आले की पेशी सुमारे २७ अंश सेल्सिअसला वाढवल्या तर यातले काही प्रथिन तपासणीतून सुटते, पृष्ठभागावर पोचते आणि क्लोराइड जाऊ देते. निरोगी प्रथिनाइतके ते टिकत नाही, उघडतेही कमी; पण अगदीच निरुपयोगी नाही. मग दोष कुणात? प्रथिनात, की त्याला वाव न देणाऱ्या तपासणीत? तपासणी तर आपले काम चोख करते आहे. बिघडलेली प्रथिने पेशीत साठली तर दुसरे आजार होतात. शरीराचे तापमान ३७ अंश आहे, हेही कारणांपैकी एक ठरते, आणि त्याला दोष म्हणायचे कोणाच्याही मनात येणार नाही. सगळे घटक आपापल्या जागी बरोबर असून त्यांच्या जुळणीतून एका मुलाचा श्वास अडतो. कारण आहे, पण अपराधी नाही.

अपराधी शोधण्याची सवय मात्र धर्मांइतकीच जुनी आहे. योहानाच्या शुभवर्तमानात येशूचे शिष्य एका जन्मांध माणसाकडे पाहून विचारतात की पाप याने केले की याच्या आईबापांनी. येशू दोन्ही पर्याय नाकारतो. त्याही आधी यहेज्केल या संदेष्ट्याने, बापाच्या पापाचे फळ मुलाने भोगावे हा समज मोडून काढला होता. निर्गमाच्या ग्रंथात तर पूर्वजांच्या अपराधाची शिक्षा तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत जाते असे आले आहे. म्हणजे एकाच परंपरेत दोन्ही आवाज आहेत, आणि आनुवंशिक रोग पाहिला की कानात पहिल्यांदा जुनाच आवाज येतो, कारण इथे खरोखरच काहीतरी पूर्वजांकडून आलेले असते.

भारतीय परंपरेत हा प्रश्न ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात वैषम्य आणि नैर्घृण्य या दोन शब्दांत विचारला गेला. जग ईश्वराने केले असेल आणि त्यात एक सुखी, एक दुःखी असेल, तर ईश्वर पक्षपाती ठरतो आणि निर्दयही ठरतो. उत्तर असे दिले आहे की ईश्वर जीवांच्या कर्मांची अपेक्षा ठेवून सृष्टी करतो. शंकराचार्यांनी त्यावर पावसाचा दृष्टांत दिला. पाऊस भातावर आणि जवावर सारखाच पडतो. पिकांतला फरक बीजांच्या आपापल्या शक्तीमुळे. पहिल्या सृष्टीच्या वेळी कर्म कुठून आले, या शंकेला उत्तर आहे की संसार अनादी आहे.

हा दृष्टांत मनात घर करणारा आहे, पण त्यातले ओझे उचलले आहे ते बीजाने, आणि बीजाबद्दल आयुर्वेदाने कर्माची वाट न पाहता स्वतंत्र विचार केला होता. चरकसंहितेच्या शारीरस्थानात म्हटले आहे की बीजाच्या ज्या भागात बिघाड असेल, त्या भागापासून घडणारा अवयव बिघडतो. आईबापाचा सगळा देह नव्हे, बीजाचा एक भाग. ही कल्पना फार बारीक आहे. सुश्रुतसंहितेने शुक्र-शोणितातील दोषांपासून होणाऱ्या रोगांना आदिबलप्रवृत्त असा वेगळा वर्ग दिला आणि त्यात मातृज व पितृज असे दोन भाग केले. सिस्टिक फायब्रोसिस या दोन भागांत बसत नाही. तो आईकडूनही आला पाहिजे आणि बापाकडूनही, आणि दोघेही स्वतः निरोगी असतात. सुश्रुताच्या काळी हे दिसणे शक्य नव्हते. बौद्धांनी याहून सरळ भूमिका घेतली. संयुत्तनिकायात सीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो की माणसाला जे जे भोगावे लागते ते सगळे पूर्वकर्माचेच का. बुद्ध पित्त, कफ, वात, तिघांचा संयोग, ऋतुबदल, वागण्यातली हयगय आणि बाहेरचा आघात ही कारणे आधी सांगतो आणि कर्म आठवे म्हणून शेवटी घेतो. सगळेच कर्मावर घालणारे लोक अनुभव आणि जगाची समजूत या दोन्हींच्या पलीकडे जाऊन बोलतात, असे त्याचे म्हणणे आहे.

मराठी घरात हा वाद ग्रंथांच्या भाषेत होत नाही. ‘गेल्या जन्मीचे भोग’, ‘कुणाचं वाईट केलं होतं’, आणि त्याहून बोचरे, ‘आमच्या घराण्यात असं कधी नव्हतं’. शेवटचे वाक्य बहुधा सुनेला ऐकवले जाते. या रोगाच्या बाबतीत ते वाक्य खरे असूनही त्यातून काहीच सिद्ध होत नाही. वाहकाजवळ बिघडलेली एक प्रत आणि चांगली एक प्रत असते. चांगली प्रत पुरेशी असते. म्हणून बिघडलेली प्रत शंभर पिढ्या कोणालाही आजारी न पाडता उतरत येऊ शकते. दोन वाहकांची गाठ पडली तरच, आणि तरीही प्रत्येक गर्भाला चारांत एक एवढ्याच शक्यतेने, रोग उमटतो. ‘कधी नव्हतं’ हे दोन्ही घराण्यांना सारखेच लागू असते. मामेबहिणीशी लग्नाची चाल जिथे आहे तिथे एकच प्रत दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते, पण त्यातही आईचा वाटा बापाच्या वाट्याहून कणभर जास्त नसतो.

आईबाप कारण आहेत का, यावर न्यायशास्त्राचे उत्तर ऐकण्यासारखे आहे. कार्याच्या आधी नियमाने असते ते सगळेच कारण नव्हे. जे अन्यथासिद्ध आहे, म्हणजे ज्याला कारण न मानता कार्य समजावून सांगता येते, ते वगळायचे. उदाहरण ठरलेले आहे: कुंभाराचा बाप. तो नसता तर कुंभार नसता आणि घागरही नसती; तरी घागरीचे कारण कुंभार, त्याचा बाप नव्हे. वाहक आईबाप कुंभाराच्या बापासारखे म्हणावेत, तर ते पुरते बरोबर नाही, कारण बीज त्यांच्याच देहातून येते. पण बीजातली त्रुटी त्यांनी घडवलेली नाही. ती हजारो वर्षांपूर्वी कोणा एका माणसाच्या पेशीत नक्कल होताना घडली, आणि तिच्यापर्यंत मागे गेले तरी तिथेही कोणाचा हेतू सापडत नाही. माणूस कारणांच्या साखळीत असतो आणि तरीही दोषी नसतो, हे न्यायाच्या भाषेत सहज मांडता येते. घरच्या भाषेत ते मांडणे अवघड जाते, कारण तिथे दोष हा एकच शब्द दोन्हींसाठी वापरला जातो.

तरी एक प्रश्न राहतो. थोरल्याला नाही आणि धाकट्यालाच का? बीज बनताना आईच्या दोन प्रतींपैकी कोणती जाईल हे कोणत्याही गुणावरून ठरत नाही, बापाचेही तसेच. श्वेताश्वतर उपनिषदाच्या सुरुवातीला जगाच्या कारणांचे जे पर्याय मांडले आहेत, त्यांत काल, स्वभाव आणि नियती यांच्याबरोबर यदृच्छाही आहे. उपनिषद तिथे थांबत नाही, पण तिची दखल घेते. आजची जनुकविद्या या एका टप्प्यावर यदृच्छेपलीकडे काही सांगत नाही. कर्मवादी म्हणू शकतो की जीव आपल्या कर्माप्रमाणे बीज शोधत येतो, म्हणजे जी यदृच्छा दिसते ती खरी नाही. हे म्हणणे खोडता येत नाही. थोरल्याला रोग झाला असता तरी, दोघांना झाला असता तरी, कोणालाच झाला नसता तरी ते तसेच्या तसे लागू पडले असते; म्हणून त्याने समजुतीत भर पडत नाही. दुःख पेलायला कोणाला त्याचा आधार होत असेल तर तो त्याचा आपला आहे. पण आजारी मुलाच्या आईला दुसऱ्याने ते ऐकवणे म्हणजे तिच्या दुःखावर आरोपाचा भार टाकणे आहे.

दुसऱ्या बाजूने एक शास्त्रीय सांत्वन पुढे केले जाते, आणि तेही तपासून घ्यावे लागते. युरोपीय वंशाच्या लोकांत दर पंचविसांत सुमारे एक जण वाहक असतो. इतके घातक जनुक इतके पसरले, तर वाहकांना त्याचा काही फायदा होत असला पाहिजे, असा तर्क आहे. पटकीचे विष आतड्यातील हीच वाट सताड उघडते आणि शरीरातले पाणी वाहून जाते. वाहकाजवळ वाटा निम्म्या, म्हणून तो वाचत असेल असे सुचवले गेले. पण पटकीच्या साथी युरोपात पोचल्या १८३० च्या सुमारास, आणि हे उत्परिवर्तन त्याहून हजारो वर्षे जुने आहे. विषमज्वराचा जंतू पेशीत शिरताना याच प्रथिनाचा आधार घेतो असे १९९८ मध्ये दाखवण्यात आले. क्षयाचेही नाव घेतले जाते. यातले काहीच अजून सिद्ध नाही. सिद्ध झाले असे धरले, तरी त्यातून लाइबनिट्झने १७१० मध्ये मांडलेल्या ईश्वरसमर्थनासारखा युक्तिवाद उभा राहतो की एकाचे दुःख ही अनेकांच्या हिताची किंमत आहे. वाचले ते वाहक, आणि गुदमरतो तो त्यांच्यापैकी कोणीच नव्हे. ज्याच्याकडून किंमत घेतली त्याला काही मिळाले नाही आणि त्याला विचारलेही नाही. जनुक का टिकले, याचे हे चांगले स्पष्टीकरण होऊ शकेल. वैषम्याचे समर्थन होणार नाही. जनुकाच्या शोधकांपैकी कॉलिन्स हे श्रद्धावान ख्रिस्ती आहेत आणि २००६ मध्ये त्यांनी विज्ञान आणि श्रद्धा यांच्या मेळावर एक पुस्तकही लिहिले. जनुक सापडल्याने श्रद्धा मोडलीच पाहिजे असे नाही, एवढे त्यांच्या उदाहरणावरून दिसते. वैषम्याचा प्रश्न जनुकाच्या आधी जिथे होता तिथेच नंतरही आहे.

चाचणी उपलब्ध झाल्यापासून मात्र एक गोष्ट खरोखर बदलली. आपण दोघे वाहक आहोत हे ज्यांना कळले, ते आता कुंभाराच्या बापाच्या जागी राहत नाहीत. ज्ञानाने त्यांच्यावर निर्णय येऊन पडतो, आणि निर्णयाबरोबर जबाबदारी. त्यांनी काय करावे हे बाहेरून ठरवता येत नाही. एवढे मात्र म्हणता येते की रोग टाळावासा वाटणे आणि रोगी माणसाचे आयुष्य कमी मोलाचे मानणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लोराइडचा अडथळा शोधून काढणारा माणूस स्वतः तो अडथळा घेऊन जगत होता.

चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्य अग्निवेश विचारतो की आयुष्य ठरलेले असते की नसते. उत्तरात दैव आणि पुरुषकार, म्हणजे पूर्वी केलेले आणि आता केलेले, यांच्यात जे बलवान असेल ते दुसऱ्यावर मात करते असे सांगितले आहे. सगळे आयुष्य ठरलेलेच असते तर औषधाची गरजच नसती, असेही तिथे स्पष्ट म्हटले आहे. या रोगाचा गेल्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांचा इतिहास म्हणजे त्या उत्तराचे उदाहरण आहे. अँडरसन यांच्या काळी बहुतेक मुले शाळेचे वय गाठत नसत. पचनासाठी विकरे, पाठीवर थापटून कफ मोकळा करणे, प्रतिजैविके आणि भरपूर खाणे एवढ्या साध्या उपायांनी आयुष्य दशकांनी वाढले. २०१२ मध्ये अडकलेले दार उघडणारे पहिले औषध आले, आयव्हाकाफ्टर. ५०८ च्या प्रथिनाची घडी सुधारून त्याला तपासणीतून सोडवणारी औषधे त्यात मिळवून २०१९ मध्ये तिहेरी गोळी मंजूर झाली. चाचणीत तिने घामातील क्लोराइड लिटरमागे सरासरी सुमारे ४० मिलिमोलने खाली आणले. बीज तसेच आहे. त्याचे फळ बदलले.

या पुरुषकाराची किंमत अमेरिकेत सुरुवातीला वर्षाला तीन लाख डॉलरहून अधिक जाहीर झाली. वैषम्याचा प्रश्न इथे पुन्हा उभा राहतो, आणि या वेळी तो ईश्वराला विचारायचा नाही. भारतात हा रोग होतच नाही असा समज बराच काळ होता. परदेशांतील दक्षिण आशियाई कुटुंबांवरून काढलेले अंदाज दहा हजार ते चाळीस हजार जन्मांमागे एक अशा रुंद पट्ट्यात आहेत, आणि अनेक मुले न्यूमोनिया, क्षय किंवा कुपोषण म्हणूनच नोंदली जातात. ५०८ च्या उत्परिवर्तनाचे प्रमाणही इथे युरोपहून कमी आहे, म्हणून गोळी हाती आली तरी प्रत्येकाला लागू पडेल असे नाही.

सर्वांत अवघड स्थिती उरते ती ज्यांच्या दोन्ही जनुकांत ‘थांबा’ हा संकेत आहे त्यांची. बंद दार उघडणाऱ्या औषधाला दार लागते, घडी सुधारणाऱ्याला प्रथिन लागते. इथे दोन्ही नाहीत. त्यांच्यासाठी प्रथिनाचा संदेश श्वासावाटे थेट पेशीत पोचवण्याचे प्रयत्न मानवी चाचण्यांपर्यंत आले आहेत. श्वासमार्गात ज्या पेशी प्रत्येकी सर्वाधिक सीएफटीआर बनवतात, त्या आयनोसाइट नावाच्या पेशी शंभरांत जेमतेम एक असतात आणि त्या २०१८ मध्येच ओळखल्या गेल्या. संदेश नेमका कोणत्या पेशींत पोचला पाहिजे, हेही त्यामुळे नव्याने तपासावे लागत आहे. हे प्रयत्न साधले, तर या मुलांच्या पेशींतला अभाव अत्यंताभाव नव्हता, प्रागभाव होता, असे नैयायिकाला म्हणावे लागेल. प्रागभावाला आरंभ नसतो. वस्तू उपजली की तो संपतो.